बिनवासाच्या स्फोटकाला वास

स्वयंपाकघरात गॅस गळू लागला की त्याचा उग्र वास लगेच नाकाला झोंबतो. हा वास मूळ गॅसचा नसतो. सिलिंडरमधील प्रोपेन आणि ब्यूटेन यांना जवळजवळ वासच नसतो; गळती कळावी म्हणून त्यांत इथिल मर्कॅप्टन हे दुर्गंधी संयुग अत्यल्प प्रमाणात मिसळतात. हीच युक्ती विमानप्रवासाच्या सुरक्षिततेसाठी एका आंतरराष्ट्रीय कराराने योजली आहे. तो करार कसा झाला, हे आपण येथे पाहू.

२३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे विमान आयर्लंडजवळ अटलांटिक महासागरावर असताना सामानातील बाँबचा स्फोट होऊन कोसळले. त्यातील सर्व ३२९ जण मृत्युमुखी पडले. निघण्यापूर्वी टोरोंटोच्या विमानतळावर सामान तपासणारे एक्स-रे यंत्र बंद पडले होते आणि उरलेल्या बॅगांवरून स्फोटकांची वाफ ओळखणारे, हातात धरायचे उपकरण फिरवण्यात आले होते. बाँबची बॅग तरीही विमानात गेली.

साडेतीन वर्षांनी, २१ डिसेंबर १९८८ रोजी, पॅन ॲम कंपनीचे १०३ क्रमांकाचे विमान स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर कोसळले. विमानातील २५९ आणि गावातील ११, असे २७० जण दगावले. एका रेडिओ-कॅसेट प्लेअरमध्ये सेमटेक्स हे प्लास्टिक स्फोटक दडवलेले होते. ते अर्ध्या किलोहून अधिक नव्हते.

प्लास्टिक स्फोटक म्हणजे मळलेल्या कणकेसारखा, हवा तसा आकार घेणारा पदार्थ. आरडीएक्स किंवा पीईटीएन ही स्फोटके तेल व बंधक द्रव्यात कालवून तो तयार करतात. त्यात कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन हीच मूलद्रव्ये मुख्यतः असतात. त्यामुळे त्या काळच्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर धातूचे पिस्तूल ठळक दिसे. पण हा गोळा खाद्यपदार्थ किंवा साबण यांच्यात मिसळून जाई.

मग वासावरून शोध का घेऊ नये? अडचण बाष्पदाबाची आहे. पदार्थाचे रेणू हवेत आले तरच कुत्र्याच्या नाकाला किंवा उपकरणाला ते कळणार. सामान्य तापमानाला आरडीएक्सचा बाष्पदाब इतका कमी असतो, की हवेच्या एक लाख कोटी रेणूंमागे त्याचे जेमतेम काही रेणू सापडतात. याउलट डीएमएनबी (डायमेथिल-डायनायट्रोब्यूटेन) या संयुगाचे दहा लाख रेणूंमागे दोन-तीन रेणू हवेत असतात. म्हणजे फरक काही लाखपटींचा झाला. कारखान्यातच असे संयुग स्फोटकात मिसळले, तर बिनवासाच्या गोळ्याला ‘वास’ मिळतो. शिवाय डीएमएनबी इतर वस्तूंत सहसा आढळत नाही, त्यामुळे खोटी सूचना मिळण्याचा संभव कमी.

रसायनशास्त्राने उत्तर दिले. पण एकाच देशाने ते अमलात आणून भागणार नव्हते. दहा कारखान्यांपैकी नऊ कारखान्यांनी खूण घातली, तर घातपात करणारा दहाव्याकडचे स्फोटक मिळवील. म्हणून येथे सर्वांचे एकमत हा उपायाचाच एक भाग होता. १४ जून १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने ठराव ६३५ संमत करून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेला या कामाला गती देण्यास सांगितले. या संघटनेचे मुख्यालय कॅनडातील माँट्रियल येथे आहे. कनिष्कचे शेवटचे उड्डाण याच शहराच्या विमानतळावरून झाले होते.

तेथेच १ मार्च १९९१ रोजी करारावर सह्या झाल्या. सह्या करणाऱ्यांत चेकोस्लोव्हाकियाही होता. सेमटेक्स हे नाव त्या देशातील सेमटिन या ठिकाणावरून पडलेले आहे. खुणेसाठी चार संयुगे ठरली आणि निर्मात्यांना त्यांतून निवड करता आली. डीएमएनबीचे किमान प्रमाण आधी ०.१ टक्का होते, ते पुढे १ टक्का करण्यात आले. बिनखुणेच्या प्लास्टिक स्फोटकांची निर्मिती आणि त्यांची देशाबाहेर ने-आण यांवर बंदी आली. जुने साठे संपवण्यासाठी सैन्य व पोलिसांना १५ वर्षे आणि इतरांना ३ वर्षे मिळाली. किमान ३५ देशांनी मान्यता द्यावी आणि त्यांत निदान ५ देश स्फोटके बनवणारे असावेत, अशी अट होती. ती पुरी होऊन २१ जून १९९८ रोजी करार अमलात आला. सह्यांनंतर सात वर्षे लोटली होती.

या उपायाला मर्यादाही आहेत. करारापूर्वीच चोरवाटेने गेलेल्या स्फोटकांना खूण नाही. २००६ साली लंडनहून निघणाऱ्या विमानांत द्रव स्फोटके नेण्याचा कट उघडकीस आला. घरी बनवलेल्या अशा मिश्रणांपुढे हा करार निरुपयोगी ठरतो. म्हणून सामानाची तपासणी आणि प्रवासी चढला नाही तर त्याची बॅग उतरवणे, हे उपाय लागतातच.

बाष्पदाब शिकवताना आपण वर्गात एक डांबरगोळी आणि चमचाभर साखर झाकलेल्या दोन वाट्यांत ठेवावी. थोड्या वेळाने झाकण काढून विद्यार्थ्यांना डोळे मिटून वास घ्यायला सांगावे. कोणत्या वाटीत काय आहे हे त्यांना लगेच ओळखता येईल. मग साखरेच्या वाटीतले काय आहे हे दुरून ओळखायचे असेल तर काय करावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा. उत्तर त्यांना सापडले, की लॉकरबी आणि कनिष्कची हकीकत जरूर सांगावी.