सीट कुणाच्या मापाची?

सायकलची सीट कार्बन फायबरमध्ये घरच्या घरी बनवता येते असं सांगितलं की समोरचा विचारतो, "पण कशाला?" रास्त प्रश्न. उत्तर वजनात शोधावं तर पाचशे ग्रॅमची कातडी सीट जाऊन शंभराच्या आतली येते, एवढंच. मला त्यातली साच्याची गोष्ट जास्त आवडते.

बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रूक्सने १८६६ मध्ये घोड्याच्या चामडी सामानाचा धंदा सुरू केला. कंपनीची आख्यायिका अशी की १८७८ साली त्याचा घोडा मेला, म्हणून तो उसन्या सायकलवर कामाला जाऊ लागला आणि तिच्या सीटने हैराण झाला. घोड्याचं खरंखोटं सोडा. १८८२ मध्ये त्याने सीटचं पेटंट घेतलं हे नक्की. लोखंडी सांगाड्यावर ताणून बसवलेलं जाड कातडं. नवं असताना अगदी पाट! मग काही महिन्यांत बसणाऱ्याच्या हाडांच्या जागी खळगे पडतात आणि ती सीट त्याची होते. म्हणजे इथे साचा कोण, तर बसणारा स्वतः.

कार्बनचं उलट. तो एकदा घट्ट झाला की कुणासाठी वाकत नाही.

हा तंतू ब्रिटनमध्ये नावारूपाला आला तो फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत, १९६० च्या दशकात. विल्यम वॉट आणि सहकाऱ्यांनी ॲक्रिलिकच्या (हो, स्वेटरवालंच) जातीचा धागा ताणात ठेवून भाजला. रोल्स-रॉइसने उत्साहाने आरबी २११ या विमान इंजिनाच्या पंख्याची पाती त्याची केली. मे १९७० मध्ये, पक्षी आदळला तर काय होईल हे बघायला त्यावर कोंबडी झाडली, आणि पात्यांच्या ठिकऱ्या उडाल्या. पाती पुन्हा टायटॅनियमची करावी लागली. इंजिनाचा एकूण खर्च आधीच हाताबाहेर गेलेला. फेब्रुवारी १९७१ मध्ये एवढी मोठी कंपनी बुडाली आणि सरकारला ताब्यात घ्यावी लागली.

ओढीला वाघ, आडव्या तडाख्याला कच्चा, असा हा गडी. घरी सीट करणाऱ्याने ती कोंबडी विसरू नये.

कृती तशी मोदकासारखी. अंगवळणी पडलेली जुनी सीट घ्यायची, तिच्यावरून ग्लास फायबरचा साचा काढायचा. साच्याला तूप लावतो तसं मेण चोळायचं, नाहीतर सीट साच्यातच राहते. मग कापडाचे थर, दर थराची दिशा बदलून, कारण तंतूची ताकद फक्त त्याच्या लांबीच्या दिशेने असते. इपॉक्सी जेमतेम भिजेल इतकंच. जास्त झालं की नुसतं वजन. वरून प्लास्टिकची पिशवी लावून हवा खेचायची, म्हणजे थर एकमेकांवर दाबून बसतात. कडा घासताना मास्क हवाच, ती धूळ वाईट. खालच्या दांड्या ॲल्युमिनियमच्या असतील तर मध्ये काचेच्या कापडाचा एक थर द्यावा. घाम मुरला की कार्बनला टेकलेलं ॲल्युमिनियम गंजतं.

गंमत बघा, त्या साच्यात उतरतात ते जुन्या सीटवरचे तुमचेच खळगे.

सीट तयार झाली की नाण्याने सगळीकडे टकटक करायची. टणटणीत आवाज आला तर बरं. कुठे बद्द वाजलं तर आत थर सुटलेत, आणि ती सीट भिंतीवर टांगायची, सायकलला नाही.