गाणं टिपण्याआधी विचारायचं

आज गोष्ट सांगते अमेरिकेतल्या नवाहो लोकांची. ते स्वतःला दिने म्हणतात. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या राज्यांत त्यांची भूमी आहे. त्यांच्यात कूळ आईकडून चालतं. बायका मेंढ्या राखतात, लोकर कातून मागावर विणतात.

१८६४ साली अमेरिकी सैन्याने त्यांना घरांतून हुसकून शेकडो किलोमीटर पायी चालवत बॉस्के रेदोन्दोच्या छावणीत नेलं. उपासमारीने, आजाराने माणसं गेली. १८६८ च्या तहानंतर उरलेले परतले. पुढे मुलांना बोर्डिंग शाळेत घातलं. तिथे आपली भाषा बोललं की शिक्षा. मग आजीची गाणी नातवंडांपर्यंत पोचणार कशी?

त्यांच्यात रोग्यासाठी विधी करणाऱ्याला ‘हाताली’ म्हणतात, म्हणजे गाणारा. काही विधी नऊ रात्री चालतात. गाणी सगळी तोंडपाठ. क्लाह नावाच्या नामांकित हातालीने हयातभर ही विद्या जपली, पण तयार केलेला शिष्य त्याच्या आधीच वारला. विद्या आपल्याबरोबर संपू नये म्हणून त्याने मेरी व्हीलराइट या बाईंना ती सांगितली, उतरवू दिली. १९३७ साली सांता फे गावात त्यासाठी संग्रहालय उभं राहिलं. त्याच वर्षी क्लाह वारला.

जतन झालं खरं, पण ते कुणाच्या ताब्यात राहिलं? विधीच्या पवित्र वस्तू दूरच्या शहरात, आणि त्या ज्यांच्या, ते बाहेर. शेवटी १९७७ साली संग्रहालयाने त्यातल्या बऱ्याच वस्तू नवाहोंना परत केल्या.

दुसरी अडचण आणखी नाजूक. त्यांच्या काही गोष्टी फक्त हिवाळ्यातच सांगायच्या असतात. टेप मात्र कधीही, कुणीही लावू शकतो. म्हणून काही वडीलधारे नकोच म्हणत, तर काहींना वाटे, न टिपता गेलं तर उरेल काय? दोघांचंही खरं होतं.

मग नवाहोंनीच काम हाती घेतलं. १९६८ साली त्यांनी स्वतःचं कॉलेज काढलं. त्या कॉलेजाने १९७३ साली म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेल्या त्या सक्तीच्या पायपिटीच्या आठवणी छापल्या. १९८६ पासून त्यांचा स्वतःचा रेडिओ त्यांच्याच भाषेत बोलतो. रोझ मिचेल ही विणकर आणि सुईण. तिने स्वतः सांगितलेली जीवनकथा तिच्या माघारी, २००१ साली पुस्तकरूपाने आली. पोरीबाळी, मेंढ्या, बाळंतपणं, सगळं त्यात आहे. अशा बाईचा इतिहास एरवी कोण लिहितं?

मैत्रिणींनो, आता मोबाईल प्रत्येकीच्या हातात आहे. आजीची गाणी जरूर टिपा. पण बटण दाबण्याआधी तिला विचारा: हे टिपू का? कुणाला ऐकवू? कुणाला नको? आणि ती नको म्हणाली, तर मोबाईल बाजूला ठेवून तिच्याजवळ बसा आणि ते गाणं पाठ करा.