गिरणी सुटल्यावर: पोलादपूरचा चाकरमानी आणि दुसरी नोकरी

मागच्या भागात आपण गिरणगावातल्या गाववाल्यांच्या खोल्यांबद्दल बोललो. आज त्याच खोलीतल्या एका माणसाचं पुढे काय झालं ते बघू. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, नोकरी गेलेली. तो दुसरी शोधतो कशी? उदाहरण माझ्या घरातलंच आहे. बाबा पोलादपूर तालुक्यातले, मुंबईच्या एका गिरणीत साचेवाले.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. साठाच्या वर गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. मागण्या पगारवाढीच्या होत्या, बदली कामगारांना कायम करण्याच्या होत्या, आणि 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करण्याचीही होती. त्या कायद्यामुळे राष्ट्रीय मिल मजदूर संघ हीच मान्यताप्राप्त संघटना ठरत होती. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, हळूहळू विरत गेला. हजारोंना परत कामावर घेतलं नाही. संप लागला तेव्हा बाबा 46 वर्षांचे होते.

"पण गावाला शेती होती ना?" हा प्रश्न मला हमखास येतो. गाव होतं म्हणून संप इतका टिकला, हे खरंच. मुंबईचा खर्च वाचवायला माणसं एसटीने महाड-पोलादपूरला परतली. पण आमच्याकडे पावसाळ्यातलं भाताचं एकच पीक, उतारावर नाचणी-वरी. त्यावर वर्ष निघत असतं तर आजोबा दासगावच्या बंदरातून मुंबईला गेले असते कशाला? बैल, बियाणं, घरावरची कौलं, सगळं गिरणीच्या मनीऑर्डरवर चालायचं. मनीऑर्डर थांबली आणि शेतही अडलं.

मग नोकरीची शोधाशोध. गंमत बघा, बाबांनी आयुष्यात कधी अर्ज लिहिलाच नव्हता. गावचा एक जण खात्यात जॉबर होता, त्याने आत नेलं. आधी बदलीवर, रोज दारात उभं राहायचं, काम मिळालं तर मिळालं. कायम व्हायला काही वर्षं गेली. गिरणगावातली रीतच ती, ओळख हाच अर्ज. 1982 नंतर ही रीत एका फटक्यात मोडली, कारण ओळखीचे सगळे एकाच वेळी बेकार झाले. विशीत ज्यांनी चिकटवलं, तेच आता बाबांना विचारत होते, "कुठे काही आहे का रे?"

हातातलं कसब मागाचं. माग भिवंडीत होते, पण तिथे पाळी 12 तासांची आणि पगार गिरणीपेक्षा कितीतरी कमी. बाबांनी दोन वर्षं काढली. मग महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर गेले.

"काका, शिक्षण?"

"चौथी."

"इथे आयटीआय लागतो. वय किती?"

बाबांनी चाळीस सांगितलं. समोरचा पोरगा नुसता हसला. हा प्रसंग बाबांनी आम्हाला एकदाच सांगितला, तोही जेवताना, खाली मान घालून. शेवटी रात्रपाळीची वॉचमनकी मिळाली. 20 वर्षं साचे सांभाळलेला माणूस बंद गोदामाला राखण बसला.

2012 मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली, 6,925 घरांची. 1982 च्या सुरुवातीला आपण गिरणीत होतो, हे दाखवायचं होतं. आम्ही माळ्यावरची ट्रंक उघडली. तिकीट नंबर असलेला पास, विमा योजनेचं कार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या, सगळं फडक्यात नीट बांधलेलं. नोकरी शोधत फिरताना यातला एकही कागद कुणी बघायला मागितला नव्हता. तरी बाबांनी ते टाकले नव्हते.

तुमच्या घरी अशी ट्रंक असेल तर ती रद्दीत देऊ नका. आणि घरात असा माणूस असेल तर त्यांना विचारा, संपानंतरची पहिली पाच वर्षं कशी काढली. संपाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. त्या पाच वर्षांबद्दल फार थोडं. भेटू पुढच्या भागात.