किन्से
अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ आल्फ्रेड किन्से (१८९४-१९५६) यांच्या जीवनावरील चरित्रपट. बिल कॉन्डन लिखित-दिग्दर्शित हा चित्रपट २००४ मध्ये प्रदर्शित झाला. लियाम नीसन यांनी किन्से यांची भूमिका केली. पत्नी क्लाराच्या भूमिकेसाठी लॉरा लिनी यांना ऑस्कर नामांकन मिळाले. इंडियाना विद्यापीठात गांधीलमाशीवर्गीय कीटकांचे नमुने जमविणाऱ्या किन्से यांनी तीच काटेकोर पद्धत मानवी लैंगिक वर्तनाला लावून हजारो स्त्री-पुरुषांच्या मुलाखती घेतल्या. पुरुषांविषयीच्या ग्रंथाने (१९४८) त्यांना कीर्ती लाभली. स्त्रियांविषयीच्या ग्रंथाने (१९५३) मात्र रोष ओढवला आणि रॉकफेलर प्रतिष्ठानचे अर्थसाहाय्य थांबले. इतरांच्या खासगी आयुष्याची निर्विकार नोंद ठेवणाऱ्या या संशोधकाच्या स्वतःच्या संसारालाही त्याची झळ पोहोचली, हे चित्रपट लपवीत नाही.