जुन्या गोव्याचें फेस्त

श्रोतेहो, आपल्याकडे तीर्थक्षेत्र म्हटलें कीं देव, नदी आणि गांव अशीं तिन्हीं एकत्र नांदतांना दिसतात. पंढरपूर घ्या, नाशिक घ्या, आळंदी घ्या. यात्रा पांगली तरी गांव मागें उरतें, बाजार चालू राहतो, घरोघर चुली पेटतात. ज्या क्षेत्राविषयीं आज मी बोलणार आहें, त्याची गोष्ट निराळी आहे. तेथें देवालयें आहेत, नदी आहे, लाखों लोकांची यात्राही भरते. परंतु ज्या नगरासाठीं तीं देवालयें उभारलीं, तें नगर मात्र उरलेलें नाहीं. मांडवीच्या तीरावर, पणजीपासून सुमारें दहा किलोमीटरांवर असलेलें हें स्थळ म्हणजे जुनें गोवें. दर वर्षीं ३ डिसेंबरला येथें संत फ्रान्सिस झेवियर यांचें फेस्त होतें, आणि अलीकडे दर दहा वर्षांनीं त्यांच्या शवाचें दर्शन सर्वांस खुलें केलें जातें. या दर्शनाचा इतिहास आपण महाराष्ट्रीयांनीं जाणून घेण्यासारखा आहे. कारण त्यांत आपलाही भाग आहे.

नोव्हेंबर १५१० मध्यें आल्बुकर्कनें हें शहर विजापूरच्या आदिलशाहीकडून जिंकलें. पुढील शंभर वर्षांत येथें राजवाडे, मठ, इस्पितळें आणि विद्यालयें उभीं राहिलीं. १५५६ सालीं हिंदुस्थानांतील पहिला छापखाना येथेंच सुरू झाला. से कॅथेड्रल म्हणून जें भव्य देऊळ आज आपण पाहतों, त्याचें बांधकाम १५६२ मध्यें आरंभलें गेलें. पण हें वैभव टिकलें नाहीं. डचांनीं समुद्रावरचा व्यापार हिरावून घेतला, सांथींवर सांथी आल्या, आणि जो तो मांडवीच्या मुखाकडे, पणजीकडे सरकूं लागला. १८३५ सालीं धर्मसंघ बरखास्त झाले व मठ ओस पडले. १८४३ मध्यें राजधानीचा मानही अधिकृतपणें पणजीस गेला. संत ऑगस्तीनच्या प्रचंड देवळाचा आतां एक अर्धवट मनोरा तेवढा जांभ्या दगडांच्या ढिगाऱ्यांत उभा आहे. अशा या ओसाड नगरांत लोकांची ये-जा ज्यांच्यामुळें कायम राहिली, ते झेवियर जिवंतपणीं येथें फारच थोडा काळ राहिले होते, हें ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल.

स्पेनच्या उत्तरेकडील नवार प्रांतांत ७ एप्रिल १५०६ रोजीं एका सरदार घराण्यांत त्यांचा जन्म झाला. पॅरिस येथें शिकत असतां इग्नेशियस लोयोला यांची गांठ पडली आणि दोघांनीं इतर सोबत्यांसह येशूसंघाची स्थापना केली. ६ मे १५४२ रोजीं झेवियर गोव्यास उतरले. उतरण्यास राजवाडा मिळाला असता, तरी ते इस्पितळांत राहिले. आजाऱ्यांची शुश्रूषा करीत, तुरुंगांतील कैद्यांस भेटत आणि हातांत घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून मुलें गोळा करीत. पण कांहीं महिन्यांतच ते दक्षिणेस मोतीं काढणाऱ्या कोळ्यांच्या किनाऱ्यावर गेले. तेथून मलाक्का, मोलुक्का बेटें आणि १५४९ सालीं जपान. मध्यंतरीं गोव्यास येणें होई, तें पुढच्या प्रवासाच्या तयारीपुरतें. १५५२ च्या एप्रिलांत ते चीनकडे निघाले आणि चीनच्या किनाऱ्यालगतच्या सान्शियान बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजीं, सेहेचाळिसाव्या वर्षीं, तापानें निवर्तले.

त्यानंतर सुरू झाला तो शवाचा प्रवास. अस्थि लवकर मोकळ्या होऊन नेतां याव्यात म्हणून शवपेटींत चुना भरला होता. परंतु १५५३ च्या फेब्रुवारींत पेटी उघडली तेव्हां देह जसाच्या तसा आढळला, असें तत्कालीन वृत्तांत सांगतात. तो प्रथम मलाक्कास नेला गेला आणि मार्च १५५४ मध्यें गोव्यास आला. सारें शहर बंदरावर लोटलें. १६१४ सालीं संघप्रमुखाच्या आज्ञेनें उजवा हात कोपरापासून वेगळा करून रोमला पाठविण्यांत आला. १६२२ मध्यें झेवियर यांस संतपद मिळालें, आणि १६२४ सालीं देह बॉम जेझूस या देवळांत आला. गोव्यांतीलच कारागिरांनीं १६३६-३७ मध्यें घडविलेली चांदीची पेटी आणि तिच्याखालीं तस्कनीच्या ड्यूकनें पाठविलेली, फॉज्जिनी या शिल्पकारानें दहा वर्षें खपून घडविलेली, १६९८ सालीं उभारलेली संगमरवरी समाधि, हीं आजही तेथें पाहावयास मिळतात.

श्रोतेहो, आतां याच कालखंडांतील दुसऱ्या एका प्रवासाकडे वळूं. झेवियर येण्यापूर्वींच, १५४० च्या सुमारास, तिसवाडी बेटावरील देवळें पाडण्यांत आलीं होतीं. पुढें १५६० नंतर तो प्रसंग साष्टी आणि बारदेश या प्रांतांवर आला. तेव्हां कुशस्थळीचा मंगेश, केळोशीची शांतादुर्गा, वेर्णें येथील म्हाळसा यांच्या मूर्ति भाविकांनीं जुवारी नदीपलीकडे, आदिलशाही अंमलाखालीं असलेल्या अंत्रुज महालांत नेल्या. आज प्रियोळ, कवळें आणि म्हार्दोळ येथें जीं मंदिरें आपण पाहतों, तीं या स्थलांतराचीं फळें होत. म्हणजे ज्या दहा-पंधरा वर्षांत एका संताचा देह वाजतगाजत गोव्यांत आला, त्याच सुमारास येथले देव रात्रींबेरात्रीं गोव्याबाहेर गेले. या दोन्हीं यात्रा एकाच इतिहासाचीं पानें आहेत. एक पान उघडून दुसरें मिटून ठेवलें, तर तो इतिहास राहत नाहीं.

झेवियर यांचा या कृत्यांशीं संबंध किती? १५४६ च्या मे महिन्यांत आंबोइना बेटावरून पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं गोव्यास इन्क्विझिशन, म्हणजे धर्मचौकशीचें न्यायालय, स्थापावें अशी विनंती केली होती. त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनीं, १५६० मध्यें, तें स्थापन झालें आणि मधला थोडा काळ वगळतां १८१२ पर्यंत चाललें. मूर्ति भंगतांना पाहून आपणांस झालेला आनंदही त्यांनीं पत्रांतून नमूद केला आहे. त्याच पत्रव्यवहारांत गरीब प्रजेस नागविणाऱ्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांविषयीं राजालाच निर्भीडपणें जाब विचारणारा मजकूरही आहे. दोन्ही पत्रें एकाच हाताचीं आहेत, आणि वाचणाऱ्यानें दोन्ही वाचलीं पाहिजेत.

यानंतर येतो आपला भाग. १६८३ च्या नोव्हेंबरांत विजरई कोंदि द आल्व्होर यानें मराठ्यांच्या ताब्यांतील फोंड्याच्या किल्ल्यास वेढा घातला. संभाजीराजे स्वतः धांवून आले आणि विजरईला माघार घ्यावी लागली. त्या महिन्याच्या २४ तारखेस रात्रीं मराठ्यांनीं राजधानीच्या अगदीं नजीकचें जुवें बेट घेतलें. तें परत घेण्यास गेलेला विजरई जखमी होऊन कसाबसा परतला. शहर आतां जाणार अशी सर्वांची खात्री झाली. तेव्हां विजरई बॉम जेझूसमध्यें गेला, संताची शवपेटी उघडविली आणि आपला राजदंड त्या निर्जीव हातांत ठेवून राज्य रक्षण्याची प्रार्थना त्यानें केली. पुढें थोड्याच दिवसांत मोगल शहाजादा शहा आलम प्रचंड सैन्यासह घांट उतरून खालीं आला, आणि संभाजीराजांस गोव्याचा घांस सोडावा लागला. गोव्यांतील भाविकांनीं हा संताचा चमत्कार मानला. मराठी इतिहासकार त्यास मोगली स्वारीचा परिणाम म्हणेल, आणि कार्यकारणभावाच्या दृष्टीनें तेंच बरोबर आहे. परंतु नवीन विजरईनें संताच्या समाधीपाशीं जाऊन दंड स्वीकारावा अशी जी प्रथा नंतर रूढ झाली, तिच्या मुळाशीं मराठ्यांची धास्ती होती, हेंही तितकेंच खरें.

याच विजरईनें २७ जून १६८४ रोजीं एक फर्मान काढलें: लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली देशभाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. ज्या भूमींत फादर स्टीफन्स यांचें मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें होतें, त्याच भूमींत हें फर्मान निघालें! भाषा अर्थातच मेली नाहीं. आज संताचें जें नांव गोव्यांत सर्वतोमुखीं आहे, तें पोर्तुगीज नाहीं. ‘गोंयचो सायब’ हें अस्सल कोंकणी नांव आहे. विजरईनें ज्याच्या हातांत दंड दिला, त्या संताला विजरईनें मारूं पाहिलेल्या भाषेनेंच आपलासा करून घेतला.

शवदर्शनाची प्रथाही भक्तीपेक्षां संशयांतून जन्मास आली. १७५९ सालीं येशूसंघाच्या पाद्र्यांना गोव्यांतून हांकलून देण्यांत आलें. जातांना त्यांनीं खरा देह पळविला आणि दुसराच कोणाचा तरी पेटींत ठेवला, अशी कंडी पिकली. ती खोडून काढण्याकरितां १७८२ च्या फेब्रुवारींत पेटी उघडून देह तीन दिवस लोकांस दाखविण्यांत आला. त्यानंतर १८५९ पासून वेळोवेळीं दर्शनें झालीं. १९५२ चें दर्शन चारशेंव्या पुण्यतिथीचें. १९६१ च्या डिसेंबरांत गोवा मुक्त झाला आणि १९६४ सालीं स्वतंत्र भारतांत पहिलें दर्शन झालें. राज्य गेलें, विजरई गेले, दंड गेला. रांग मात्र कमी न होतां वाढली. तेव्हांपासून दर दहा वर्षांनीं, आतां कांचेच्या पेटींतून, हें दर्शन होत आलें आहे. शेवटचें दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत झालें.

त्या दर्शनास मी गेलों होतों. देह बॉम जेझूसमधून समोरच्या से कॅथेड्रलमध्यें आणलेला होता. बाहेर मांडव, स्वयंसेवक, पोलीस आणि पाण्याचीं पिंपें. वाटेच्या कडेला मेणबत्त्या, मेणाचे हात-पाय, भाजलेले चणे आणि गुळांत घोळलेलें खाजें. पाय दुखत असल्यास मेणाचा पाय वाहावयाचा, हा नवस पाहून आपल्याकडील देवीपुढचे चांदीचे डोळे आठवल्यावांचून राहत नाहींत. रांग मुंगीच्या पावलांनीं सरकत होती. माझ्या पुढें सावंतवाडीकडच्या एक वृद्ध बाई होत्या. कपाळावर कुंकू, हातांत अबोलीची वेणी. “आजी, तुम्ही दर खेपेस येतां?” असें मीं विचारलें. त्या म्हणाल्या, “व्हय रे बाबा. दर दहा वर्सांनी येतंय. सायब काय एकट्यांचो आसा?” आंत गेल्यावर दर्शन क्षणाचेंच; स्वयंसेवक हात जोडून पुढें चला म्हणतात आणि आपण उन्हांत बाहेर पडतों.

आमच्या सुशिक्षित मंडळींत या यात्रेविषयीं दोन मतें ऐकूं येतात. एक म्हणतें, जेथें आपल्या पूर्वजांचे देव भंगले तेथें हात जोडणें ही विस्मृति होय. दुसरें म्हणतें, जुनीं मढीं उकरूं नयेत, सौहार्द बिघडतें. माझ्या अल्पमतीस दोन्हीं मतें अपुरीं वाटतात. पहिल्यास त्या वृद्ध बाईंच्या हातांतील वेणी दिसत नाहीं. दुसऱ्यास मंगेशाची ती वाट दिसत नाहीं. बाईंस १५४६ च्या पत्राची माहिती नसेल, पण ती असती तर त्या आल्या नसत्या, असें मी खात्रीनें म्हणूं शकत नाहीं. सामान्य माणसानें आपला हिशेब कागदपत्रांहून निराळ्या वहींत मांडलेला असतो. इतिहासाच्या अभ्यासकानें तीही वही वाचावी, आणि कागदपत्रें फाडून टाकूं नयेत.

म्हणून जुन्या गोव्यास जाणाऱ्या प्रत्येकास माझी एक सूचना आहे. सकाळीं बॉम जेझूसची समाधि आणि कॅथेड्रल पाहावें. मांडवीकांठच्या कमानीखालून नदीपर्यंत जाऊन ओस पडलेल्या नगराची सीमा पाहावी. नंतर दुपारीं परत न फिरतां तसेंच पुढें फोंड्याच्या वाटेस लागावें आणि संध्याकाळच्या आरतीस मंगेशीला पोहोंचावें. वाट कांहीं कोसांची आहे. चारशें वर्षांपूर्वीं ती दोन राज्यांच्या सरहद्दीवरून जात होती. आज बसचा वाहक दोन्ही ठिकाणांचें तिकीट देतो.