सिंगापुरातील जखमी पाखरे आणि त्यांचे वाली

आपल्या समाजात एलियाहू हन्नबीचे नाव घेतल्याशिवाय मलिदा होत नाही, आणि एलियाहूची कथा कावळ्यांशिवाय पुरी होत नाही. दुष्काळात करीथ ओढ्याकाठी लपून राहिलेल्या नबीला सकाळ-संध्याकाळ भाकर आणि मांस आणून देत ते कावळेच. माणूस संकटात असताना पाखरांनी केलेल्या मदतीची ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. पाखरू संकटात सापडले तेव्हा माणसाने काय केले, हा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. या लेखात आम्ही तो सिंगापूरच्या निमित्ताने मांडत आहोत.

सिंगापूर निवडण्याचे कारण असे की बेट लहान आहे, नोंदी नीट ठेवलेल्या आहेत आणि तिथली यहुदी वस्तीही जुनी आहे. १८३० च्या जनगणनेत तिथे नऊ यहुदी व्यापारी नोंदले गेले होते. वॉटर्लू स्ट्रीटवरचे मागेन अबोथ सिनेगॉग १८७८ सालचे. दुसरे हेसेद-एल, ते सर मनासे मेयर यांनी १९०५ साली बांधले. ही मंडळी मुख्यतः बगदादी. मुंबईत भायखळ्याचे मागेन डेव्हिड आणि फोर्टातले केनेसेथ एलियाहू ज्यांनी बांधले त्याच वळणाची. पुढे १९५५ साली सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री झालेले डेव्हिड मार्शल याच वस्तीतले. याच वस्तीतले शेअरदलाल जेकब बालास यांनी मागे ठेवलेल्या पैशातून तिथल्या बोटॅनिक गार्डनमध्ये मुलांसाठी बाग उभी राहिली. ती २००७ साली उघडली आणि त्यांचे नाव आज त्या बागेला आहे.

ओळखीची पाखरे, परका देश

कोकणातून किंवा मुंबईतून सिंगापूरला गेलेल्या माणसाला पहाटे ओळखीचा आवाज ऐकू येतो, तो कोकिळेचा. आपला गावठी कावळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मलायात नेला गेला. कॉफीच्या मळ्यांतील सुरवंट त्याने खावेत म्हणून त्याला सिलोनहून क्लांग बंदरात सोडले होते. सुरवंटांचे काय झाले ते असो, कावळे मात्र पसरत पसरत सिंगापूरपर्यंत पोचले. कोकिळा आधी तिथे केवळ हंगामी पाहुणी असे. कावळ्यांची घरटी वाढली तशी तीही तिथेच अंडी घालू लागली. साळुंकीही मलाया द्वीपकल्पातून उतरत तिथे आली. आज तिथे सर्वत्र दिसणारी काळपट साळुंकी मात्र जावा बेटावरची. पिंजऱ्यातला पक्षी म्हणून तिला १९२० च्या दशकात आणले आणि ती सुटून मोकळी झाली.

म्हणजे व्यापारी, मजूर, शिपाई आले तशीच ही पाखरेही माणसाच्या मागोमाग आली. पुढे त्यांची गणना ‘उपद्रवी’ म्हणून झाली. तिथल्या इतिहासात दयेचा प्रश्न नेमका इथे उभा राहतो.

कायदा आला, पण कोणासाठी?

सिंगापुरात पक्ष्यांसाठी पहिला कायदा १८८४ साली झाला. त्या काळी युरोपात बायकांच्या टोप्यांवर रंगीत पिसे लावण्याची फॅशन होती आणि पिसांसाठी पाखरे मारली जात. १९६५ साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, वन्य प्राणी आणि पक्षी यांच्यासाठी नवा कायदा झाला. मात्र त्याच्या संरक्षणातून सहा जाती वगळल्या होत्या. त्यांत कावळा, पारवा, आपली साळुंकी, जावाची साळुंकी आणि आणखी दोन जातींच्या मैना होत्या. कावळ्यांची संख्या कमी ठेवण्यासाठी अनेक वर्षे बंदूकधारी माणसे नेमून त्यांना गोळ्या घातल्या जात.

याचा परिणाम सामान्य माणसाच्या वागण्यावर होतो. निळ्या पंखांचा दुर्मीळ पक्षी पडला तर चार माणसे धावतात. कावळा पडला तर सफाईवाल्याला बोलावतात. आपल्या तोरेत मात्र असा भेद नाही. अनुवादाच्या २२ व्या अध्यायात वाटेत घरटे आढळले तर पिलांवर बसलेली आई धरू नये, तिला सोडून द्यावे, अशी आज्ञा आहे. पक्षी कोणत्या जातीचा, सुंदर की काळा, हे तिथे विचारलेले नाही. हाखामांनी ‘त्सआर बआले हयीम’, म्हणजे जिवंत प्राण्याला होणारी वेदना टाळणे, हे तत्त्व सांगितले.

घरातून सुरू झालेली सेवा

मुंबईच्या वाचकांना परळचे ‘बैलघोडा हॉस्पिटल’ ठाऊक आहे. प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी मुंबईत १८७४ साली संस्था स्थापन झाली आणि पेटिट घराण्याच्या देणगीतून पुढच्या दशकात बाई साकरबाईंच्या नावाचे ते इस्पितळ उभे राहिले. सिंगापुरातही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तशीच संस्था निघाली. तिचे लक्ष मुख्यतः गाडीच्या घोड्यांवर आणि बैलांवर होते, कारण रस्त्यावर चाबूक खाताना तेच डोळ्यांसमोर असत. पाखरू कुठे पडले, कुठे मेले, याचा पत्ता कोणाला?

१९४२ ते १९४५ या जपानी अमलात माणसांचेच हाल होते, तिथे प्राण्यांकडे कोण पाहणार! युद्ध संपल्यावर ल्युसिया बाख नावाच्या बाईंनी बेवारशी प्राणी आपल्या घरीच ठेवायला सुरुवात केली. त्यातूनच तिथली आजची प्राणिदया संस्था उभी राहिली. ती आधी ऑर्चर्ड रोडवर, मग माउंट व्हर्नन येथे आणि पुढे सुंगेई तेंगा भागात गेली. शहर वाढले तशी ही जागा कडेला सरकत गेली. ज्याच्या हातात जखमी पाखरू असे, त्याला इस्पितळ आणखी लांब पडू लागले.

पक्ष्यांसाठी खास जागा ३ जानेवारी १९७१ रोजी उघडली, ती म्हणजे जुरोंग बर्ड पार्क. मंत्री गोह केंग स्वी यांनी ब्राझीलमध्ये रिओ येथील प्राणिसंग्रहालयात माणसाला आत फिरता येईल असा मोठा पिंजरा पाहिला होता, त्यावरून ही कल्पना निघाली. हे प्रदर्शन होते, धर्मार्थ दवाखाना नव्हे; पण पक्षी कसा धरावा, मोडलेला पंख कसा बांधावा, हे जाणणारे वैद्य तिथे तयार झाले. २०१८ साली तिथल्या एका महाधनेशाच्या चोचीवरील शिरस्त्राणाला कर्करोग झाला. वैद्यांनी रोगट भाग कापून काढला आणि यंत्रावर छापून तयार केलेले नवे शिरस्त्राण बसवले. पक्ष्याने ते आपलेच मानले. ग्रंथीतून निघणारा पिवळा रंग तो त्यावर पूर्वीसारखा घासू लागला. २०२३ च्या जानेवारीत ते उद्यान बंद झाले आणि त्याच वर्षी मंडाई येथे नवे उघडले.

रस्त्यावरच्या पाखरासाठी धावणारी माणसे मात्र वेगळी होती. २००१ साली लुई इंग या तरुणाने काही सोबत्यांसह ‘एकर्स’ ही संस्था काढली. वन्य प्राण्यांसाठी फोनवर बोलावता येईल अशी गाडी तिने सुरू केली. त्यानंतर कोणाच्या जिन्यात घुबड बसले, कोणाच्या खिडकीवर आदळून पाखरू खाली पडले, तर कोणाला फोन करायचा हे लोकांना कळले.

काचेच्या भिंती

सिंगापूर हे सायबेरिया आणि चीनकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या पाखरांच्या वाटेवर आहे. सप्टेंबरपासून पुढे कित्येक महिने ही पाखरे रात्री प्रवास करतात. उंच इमारतींचे दिवे त्यांना भुलवतात आणि काचेत दिसणारे झाड त्यांना खरेच वाटते. निळ्या पंखांचा पिट्टा हा त्यांतला एक नेहमीचा बळी. कोकणात पावसाच्या तोंडावर येणारा ‘नवरंग’ आपण ओळखतो, त्याचाच हा भाऊबंद. मेलेली पाखरेही तिथे वाया जात नाहीत. राष्ट्रीय विद्यापीठाच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात ती अभ्यासासाठी जमा केली जातात आणि कोणत्या इमारतींवर कोणती पाखरे आदळतात हे त्यावरून कळते.

२०२० साली १९६५ चा कायदा बदलून अधिक कडक झाला. परवानगीशिवाय वन्य पक्षी घरात ठेवणे हा गुन्हा. रानटी पाखरांना दाणे टाकणेही गुन्हा. पहिल्या वेळी ५,००० डॉलरपर्यंत दंड, पुन्हा केल्यास १०,००० पर्यंत. ल्युसिया बाख यांनी घरी जे केले, ते वन्य पाखराच्या बाबतीत आज कोणाला सहज करता येणार नाही. कायद्यामागचा हेतू योग्य आहे, कारण दयेच्या नावाखाली पाखरे पिंजऱ्यात कोंडणारेही पुष्कळ असतात. तरीही एक पोकळी उरते. पाखरू दिसल्यापासून गाडी येईपर्यंतचा तास, दोन तास किंवा संबंध रात्र ते कोणाचे? इतक्या लहान, श्रीमंत देशातही हा प्रश्न सुटलेला नाही, मग आपल्या कोकणातल्या खेड्यात किंवा नेगेवच्या एखाद्या मोशावमध्ये तो असणारच.

आपल्यातला एक माणूस

याचे उत्तर आपल्या समाजातल्या एका माणसाने आयुष्यभर दिले. अहमदाबादचे रूबेन डेव्हिड (१९१२–१९८९) हे बेने इस्राएल. प्राण्यांचे वैद्यक ते स्वतःच शिकले. १९५१ साली त्यांनी कांकरिया तलावाकाठचे प्राणिसंग्रहालय उभारले आणि १९७५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कन्या, लेखिका एस्थर डेव्हिड यांच्यामुळे आपल्या पुष्कळ वाचकांना त्यांचे नाव परिचयाचे आहे. ज्या शहरात दर संक्रांतीला पतंगाच्या मांज्याने शेकडो पंख कापले जातात, त्या शहरात प्राणी-पक्ष्यांचा वैद्य होणे म्हणजे काय, हे सांगायला नको. लिहिण्यासारखी गोष्ट ही की इस्पितळ जवळ नव्हते म्हणून ते थांबले नाहीत, स्वतः शिकले. नुसती कणव पुरत नाही, तिला माहितीची जोड लागते.

मधल्या वेळात काय करावे

ती माहिती थोडी आहे आणि म्हाताऱ्या माणसालाही जमणारी आहे. पाखरावर हलकेच फडके टाकून त्याला उचलावे आणि हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावे. खोके बंद करावे. अंधार आणि शांतता हेच पहिले औषध. घशात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊन पाखरू गुदमरते. दूध, भात, पाव काही देऊ नये. वारंवार उघडून पाहू नये, नातवंडांनाही दाखवू नये. काचेवर आदळलेले पाखरू पुष्कळदा तास-दोन तासांत शुद्धीवर येते. मग ते सापडले तिथेच, उजेडी सोडावे. मांजराच्या दाताची जखम लहान दिसली तरी वैद्याकडे नेलेच पाहिजे. शेवटी हात साबणाने धुवावे.

पंख फुटलेले, टुणटुण उड्या मारणारे पिलू बहुधा हरवलेले नसते. त्याचे आईबाप जवळच असतात. त्याला कुत्र्या-मांजरापासून दूर, फांदीवर ठेवून आपण बाजूला व्हावे. पिसे न फुटलेले पिलू घरट्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागला की आई पिलाला टाकते, ही समजूत चुकीची आहे.

आणि शब्बाथच्या दिवशी? गेमारात, शब्बाथ या भागात (१२८ब), पाण्याच्या चरात पडलेल्या जनावराबद्दल विचारले आहे. त्याच्याखाली उशा-गाद्या टाकाव्यात, म्हणजे ते आपल्या पायांनी वर येईल, असे तिथे म्हटले आहे. एरवी अशा कामाला आडकाठी असली तरी मुक्या जीवाच्या वेदनेपुढे ती सैल केली आहे. फोन करावा का, काय उचलावे, हे ज्याने त्याने आपल्या राव्हींना आधीच विचारून ठेवावे. वेळ आल्यावर विचारायला सवड नसते.

इस्राएलमध्ये राहणाऱ्या वाचकांनी निसर्ग आणि उद्याने खात्याचा *३६३९ हा क्रमांक फोनजवळ लिहून ठेवावा. रमत गानच्या सफारीत वन्य प्राण्यांचे इस्पितळ आहे. वर्षातून दोनदा सुमारे ५० कोटी पाखरे आपल्या या देशावरून जातात, त्यांतले एखादे कोणाच्या तरी गच्चीत पडणारच. ते कावळा असले तरी हात आखडता घेऊ नये. करीथच्या काठी आपल्या नबीने त्याच्याच चोचीतली भाकर खाल्ली होती.