स्प्रिंग कशाला म्हणायचं?

गेल्या व्याख्यानात आपण वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ इथपर्यंत आलो होतो. आज उदाहरण घेतलंय ते ऐकून काही जण हसतील. घरच्या घरी हातापायांवरचे केस काढायचं विजेवरचं यंत्र, एपिलेटर. हसा, हरकत नाही. पण याच यंत्रावरून लंडन आणि ड्युसेलडॉर्फ इथल्या न्यायालयांनी उलटसुलट निर्णय दिले, आणि भांडण होतं एका शब्दाच्या अर्थाचं.

आधी यंत्र समजून घेऊ. इस्राएलच्या उत्तरेला, गॅलिलीत, हागोशरीम नावाचा किबुट्झ, म्हणजे सामुदायिक मालकीची वसाहत आहे. तिथून १९८६ मध्ये ‘एपिलेडी’ बाजारात आलं. रेझरनं केस त्वचेलगत कापला जातो, दोन-तीन दिवसांत खुंट हाताला लागतात. मुळासकट उपटला तर पुन्हा दिसायला काही आठवडे जातात. पण चिमट्यानं एकेक केस उपटत कोण बसणार? वॅक्स म्हणजे तापवा, लावा, ओढा, पुसा. एपिलेडीत मोटरवर फिरणारी एक वाकवलेली स्प्रिंग होती. स्प्रिंग वाकवून पाहा: बाहेरच्या बाजूला वेटोळी फाकतात, आतल्या बाजूला मिटतात. फिरताना फाकलेल्या फटीत केस शिरतो, अर्ध्या फेऱ्यात फट मिटते, केस पकडला जातो आणि उपटला जातो. शेकडो चिमटे एकदम चालवल्यासारखंच. दुखतं का? दुखणारच की, केस मुळापासून निघतोय! तरीही बायकांनी ते विकत घेतलं, कारण ते घरी, आपल्या वेळेला, दुसऱ्या कुणाची मदत न घेता करता येत होतं.

मग रेमिंग्टन कंपनीनं आपलं यंत्र आणलं. त्यात स्प्रिंग नव्हती. रबराचा वाकवलेला दांडा होता आणि त्याला आडव्या चिरा पाडलेल्या होत्या. दांडा फिरला की चिरा बाहेरच्या बाजूला उघडायच्या, आत मिटायच्या. काम तेच. पेटंटात मात्र शब्द होता ‘हेलिकल स्प्रिंग’, म्हणजे वेटोळ्यांची स्प्रिंग. चिरा पाडलेला रबरी दांडा ही स्प्रिंग आहे का?

लंडनच्या न्यायालयात न्यायमूर्ती हॉफमन यांनी तीन प्रश्न घातले. या बदलामुळे यंत्र चालण्याच्या रीतीत फरक पडतो का? नाही. हे तज्ज्ञाच्या सहज लक्षात आलं असतं का? हो. इथवर पेटंटवाल्यांची सरशी. तिसरा प्रश्न: हे सगळं ठाऊक असलेल्या तज्ज्ञाला पेटंट वाचताना असं वाटेल का, की लिहिणाऱ्याला अक्षरशः स्प्रिंगच अभिप्रेत होती? उत्तर आलं, हो, वाटेल. दावा फेटाळला गेला. रबर वाकून पुन्हा पूर्ववत होताना ऊर्जा गमावतं, त्यातून अडचणी येऊ शकतात. तेव्हा लिहिणाऱ्यानं रबर मुद्दाम सोडलं असेल, ही शक्यताही त्यांनी धरली.

आपल्याकडच्या साहित्यशास्त्रातली लक्षणा आठवा. ‘गंगेवर गवळीवाडा’ म्हटलं की पाण्याच्या प्रवाहावर वस्ती राहू शकत नाही, म्हणून आपण ‘गंगेचा काठ’ असा अर्थ घेतो. पहिली अट मुख्यार्थबाध: सरळ अर्थ अडला पाहिजे. पेटंटात ‘स्प्रिंग’चा सरळ अर्थ कुठे अडतो? कुठेच नाही. मग लक्ष्यार्थाकडे जायचं कारण काय? हॉफमन यांनीही आलंकारिक अर्थाची भाषा वापरली होती. मला त्यांचं तर्कशास्त्र निर्दोष वाटतं. निकाल न्याय्य होता का, याबद्दल मात्र माझं मन अजून साशंक आहे. शोध तर स्प्रिंगचा नव्हताच, तो उघडत-मिटत फिरणाऱ्या फटीचा होता!

ड्युसेलडॉर्फच्या न्यायालयाला तसंच काहीसं वाटलं असावं. शब्दाचं यंत्रातलं कार्य बघून त्यांनी उल्लंघन झालं असा निर्णय दिला. पेटंट एकच, युरोपीय पेटंट कराराचं कलम ६९ही एकच, आणि त्या कलमासोबत अर्थ कसा लावायचा हे सांगणारं परिशिष्टसुद्धा जोडलेलं होतं. तरी इंग्लंडमध्ये रबरी दांडा विकायला मोकळा आणि जर्मनीत बंद.

हॉफमन यांचे तीन प्रश्न पुढे इंग्लंडमध्ये जवळजवळ सूत्र बनले. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एका कर्करोगाच्या औषधाच्या खटल्यात ते नव्यानं मांडले. पेटंटात एका विशिष्ट क्षाराचं नाव होतं, प्रतिस्पर्धी दुसरे क्षार वापरणार होता, आणि या वेळी न्यायालयानं उल्लंघन मानलं. तोवर एपिलेटरही बदलले होते. फिरत्या रुळावर बसवलेले छोटे चिमटे आले होते. स्प्रिंग नाही, रबरी दांडाही नाही.